तेजोमेघाची संहिता

पदव्युत्तर वर्गाला पाठचिकित्सा शिकविताना एक प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो बहुधा शेवटच्या बाकावरून येतो. संपादक दहा पोथ्या जमवतो, शब्दन् शब्द ताडून पाहतो, काही पाठ स्वीकारतो, काही नाकारतो आणि अखेरीस एक संहिता सिद्ध करतो. ती त्या दहांपैकी एकाही पोथीशी तंतोतंत जुळत नाही. मग जी कोणा लेखनिकाने कधी उतरवली नाही, जिचे कोणी कधी पारायण केले नाही, ती संहिता मुळाच्या अधिक जवळची कशी? प्रश्न रास्त आहे. त्याला आम्ही बरीच वर्षे पुस्तकी उत्तरे देत आलो. आम्ही दोघे एकाच विभागात शिकवतो आणि एकाच घरात राहतो, त्यामुळे वर्गात अर्धवट राहिलेले वाद रात्रीच्या जेवणावर येतात. हाही वाद अनेकदा आला आणि तसाच उठला. गेली दोन वर्षे मात्र हा घटक सुरू झाला की आम्ही वर्गात एक छायाचित्र घेऊन जातो.

छायाचित्र मृग नक्षत्रातल्या एका भागाचे आहे. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण सर्वांनीच पाहिलेला असतो. त्या बाणाच्या दक्षिणेस मंद ताऱ्यांची एक आखूड ओळ आहे. तिच्यातला मधला 'तारा' नुसत्या डोळ्यांनाही जरासा पुसट वाटतो. तो तारा नव्हे. तो मृगातील प्रसिद्ध तेजोमेघ, मेसिएच्या यादीतला ४२ क्रमांकाचा. तो आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असून त्याच्या पोटात आजही तारे जन्मास येत आहेत. आमच्या छायाचित्रात एका टोकाला हा तेजोमेघ, मध्ये बाणाच्या पूर्व टोकापाशी ज्वालेसारखा दिसणारा एक मेघ व त्याच्या शेजारी घोड्याच्या मुखासारखी एक काळी आकृती, आणि दुसऱ्या टोकाला मेसिए ७८ एवढा प्रदेश आला आहे. हात लांब करून मूठ धरली तर आकाश जेवढे झाकले जाईल, साधारण तेवढा. कॅमेऱ्याच्या २०० मिलिमीटरच्या भिंगात तो एका वेळी मावत नाही. म्हणून त्याचे सहा भाग केले. जाणकार त्यांना 'पॅनेल' म्हणतात. प्रत्येक पॅनेलच्या चाळीस फ्रेम्स, प्रत्येक फ्रेम दोन मिनिटांची. अशा २४० फ्रेम्स, म्हणजे आठ तासांचा प्रकाश, जानेवारी-फेब्रुवारीतल्या चार रात्रींत वाटून गोळा केलेला.

हे कर्तृत्व अर्थातच आमचे नव्हे. आमच्याच महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांचे जुन्नर तालुक्यात शेतघर आहे. गिरवलीच्या पठारावर आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ सालापासून आहे, तिच्यापासून हे ठिकाण फारसे दूर नाही. आकाश अजून बऱ्यापैकी काळे राहिलेले. सरांच्या तिथल्या उद्योगात आमचे काम टॉर्चला लाल जिलेटीन लावून वहीत वेळा लिहिण्याचे आणि थर्मासमधला चहा ओतण्याचे. छायाचित्रे जुळविण्याच्या वेळी मात्र सरांनी आम्हाला संगणकापुढे बसविले. "तुम्ही पोथ्या जुळवता ना? मग यातलं निम्मं तुम्हाला आधीच येतं," असे ते म्हणाले. त्या वेळी ते आम्हाला सौजन्य वाटले.

त्याच हिवाळ्यात आमच्या टेबलावर जुळवाजुळवीचे दुसरेही एक काम होते. आमच्यापैकी एकीच्या आजोळी, पारनेर तालुक्यातल्या एका गावी, आजी जात्यावर ज्या ओव्या म्हणत असे त्या आम्ही २०११ ते २०१४ या काळात पाच बायकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. आजी तेव्हा हयात नव्हती. तीन माम्या, शेजारच्या एक आजीबाई आणि एक मावशी. पाचजणींच्या पाच परंपरा; त्यांतून एक संग्रह सिद्ध करायचा होता. आकाशाची गोष्ट सांगता सांगता आम्हाला पुन्हा पुन्हा या ओव्यांकडे यावे लागणार आहे, वाचकांनी ते सोसावे.

सर्वप्रथम सांगितले पाहिजे ते हे की, एकच एक फ्रेम पाहिली तर निराशाच होते. दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये तेजोमेघाचा उजळ गाभा दिसतो. बाकी सर्वत्र राखाडी खरखर. ही खरखर काही अंशी आकाशाची, काही अंशी कॅमेऱ्याच्या संवेदकाची. चाळीस फ्रेम्स ताऱ्यांवर तारे बसवून एकावर एक ठेवल्या आणि त्यांची सरासरी काढली, की खरखर मागे सरते, कारण ती प्रत्येक फ्रेममध्ये निराळी असते आणि तेजोमेघ प्रत्येक फ्रेममध्ये तोच असतो. हे मागे सरणे फ्रेम्सच्या संख्येच्या वर्गमुळाने होते. सोळा फ्रेम्स असतील तर खरखर चौथाईवर येते, चाळीस असतील तर साधारण सहाव्या हिश्शावर. हा हिशेब कंजूष आहे. चांगले चित्र दुप्पट चांगले करायचे तर रात्री चौपट जागाव्या लागतात.

ही युक्ती जुनी नाही. हेन्री ड्रेपर या अमेरिकन वैद्याने ३० सप्टेंबर १८८० रोजी याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्याने एकाच काचेवर ५१ मिनिटे प्रकाश पडू दिला. काचेवर प्रकाश साठत जाई. चूक झाली तर सगळी रात्र फुकट. आताच्या पद्धतीत प्रकाश सुटा सुटा घेता येतो आणि मागाहून निवडता येतो. निवडता येणे, हाच मुद्दा आहे. जेथे निवड आली तेथे संपादक आला.

संपादकाला पहिली निवड करावी लागते ती आगंतुकांची. २४० फ्रेम्समध्ये विमाने होती, उपग्रह होते, एक उल्काही होती. जुन्नरच्या अक्षांशावरून पाहिले तर भूस्थिर उपग्रहांची माळ नेमकी मृगाच्या बाणाखालून जाते. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरत असते आणि हे उपग्रह जमिनीशी बांधलेले, म्हणून ते चित्रात फिकट आखूड रेघा होऊन उमटतात, सगळ्या एकमेकींना समांतर. संगणकाची आज्ञावली प्रत्येक बिंदूपाशी चाळीस फ्रेम्सची साक्ष घेते. एकोणचाळीस फ्रेम्स म्हणतात येथे काळोख आहे, एक म्हणते येथे उजेड आहे. ती एक साक्ष बाकीच्यांपासून ठरावीक मर्यादेपलीकडे दूर असेल तर बाद होते. रेघ नाहीशी होते. आम्ही पडद्याकडे पाहत होतो आणि आमच्यापैकी एकाच्या तोंडून आपोआप गेले, "प्रक्षेप!"

येथपर्यंत साम्य सरळ आहे. एकाच प्रतीत सापडणारा श्लोक, जो दूरच्या कोणत्याच परंपरेत नाही, तो संपादक खाली उतरवतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण केले. १,२५९ हस्तलिखिते तेथे ताडून पाहिली गेली. त्या आवृत्तीत गणपती लेखनिक होऊन बसतो तो प्रसंग मुख्य संहितेत नाही. द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावाही नाही. वर्गात हे सांगितले की मुले चमकतात, क्वचित एखादे रागावतेही. ज्या कथेवर आपण वाढलो तिच्यातून कोणी तरी उपग्रहाची रेघ पुसावी तसा कृष्णाचा धावा पुसला, असे त्यांना वाटते.

पण तो पुसलेला नाही. तो त्याच पृष्ठांवर संहितेच्या खाली किंवा परिशिष्टात, कोणत्या प्रतींत आहे त्यांच्या खुणांसह, छापलेला आहे. आणि येथे सरांनी आम्हाला एक गोष्ट दाखविली, तिने आम्ही दोघेही थक्क झालो. या आज्ञावलीला सांगितले तर ती बाद केलेल्या बिंदूंचाही एक नकाशा काढून देते. काळ्या पार्श्वभूमीवर नुसत्या नाकारलेल्या गोष्टी: विमानाच्या दिव्यांचे ठिपके, उपग्रहांच्या समांतर रेघा, ती एकटी उल्का. तेजोमेघ त्यात नाहीच. भांडारकर आवृत्तीच्या तळटिपा कोणी आकाशावर मांडाव्यात, असे ते दृश्य होते. आमच्या मते मुख्य चित्राइतकेच ते जपण्याजोगे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तीत मागाहून आपली ओवी घालणाऱ्याची त्यांनी केलेली संभावनाही विद्यार्थ्यांना पाठ असते. पण त्यांनी काय गाळले त्याचा असा नकाशा आपल्या हाती नाही. चारशे चाळीस वर्षे आपण सिद्ध झालेले चित्र पाहत आलो, नाकारलेल्यांचे नव्हे.

आता साम्य जेथे तुटते तेथे येऊ, कारण आमच्या घरातला खरा वाद तेथेच झाला.

आकाशाच्या चाळीस फ्रेम्स म्हणजे चाळीस स्वतंत्र साक्षीदार. विसाव्या फ्रेमने एकोणिसावीची नक्कल केलेली नसते. पोथ्यांचे तसे नाही. चाळीस पोथ्या एकाच आजोबा-पोथीच्या लेकरा-नातवंडांच्या असू शकतात, आणि मग चाळिसांचे एकमत हे खरे तर एकाचेच मत असते. विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्व संपादताना नुसती डोकी मोजली नाहीत. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या थोड्या प्रतींना त्यांनी मोठा मान दिला, आणि जेथे काश्मीर व दक्षिण यांचे एकमत होते तेथे ते निश्चिंत झाले, कारण इतक्या दूरच्या दोन शाखांनी परस्परांचे पाहून लिहिले असण्याची शक्यता फार थोडी. साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो.

मजा अशी की छायाचित्रकारांनाही ही धास्ती ठाऊक आहे. संवेदकावर काही बिंदू जन्मजात सदोष असतात. तेथे प्रकाश नसतानाही उजेड दिसतो. दुर्बीण ताऱ्यांवर अगदी अचूक खिळलेली राहिली, तर हा खोटा तारा चाळीसही फ्रेम्समध्ये एकाच जागी उमटेल. चाळीस साक्षी, एकमुखी, आणि साफ खोट्या. यावर उपाय म्हणून दर काही फ्रेम्सनंतर दुर्बीण मुद्दाम किंचित हलवतात. तारे जुळवून घेतले की खोटा तारा इकडेतिकडे विखुरतो, एकाकी पडतो आणि बाद होतो. याला 'डिदरिंग' म्हणतात. ही युक्ती आम्हाला फारच आवडली. पोथ्यांच्या संपादकाला असे हलता येत नाही. त्याला शाखा दूरदूरच्या शोधाव्या लागतात, ते त्याचे हलणे.

आता ओव्या. आजीच्या ओव्यांत एक ओवी अशी आहे की तीत एका मुलीचे नाव येते. दळता दळता आई तिला हाक मारते आहे, एवढाच तिचा आशय. नाव आम्ही येथे देत नाही. ही ओवी फक्त मावशी म्हणते. तिन्ही माम्यांनी ती ऐकून मान हलवली. थोरली मामी म्हणाली, "अगं, असल्या नावाचं आपल्या घरात कुणी नव्हतंच. वन्संचं आता वय झालं, कुठली ओवी कुठं घालतात त्यांचं त्यांना कळत नाही." शेजारच्या आजीबाईंनीही ती कधी ऐकलेली नव्हती. चार विरुद्ध एक. संग्रह काढू इच्छिणाऱ्या प्रकाशकांच्या सल्लागाराने टाचण पाठविले: अशा एकेरी ओव्या गाळाव्यात, संहिता स्वच्छ राहील.

आमच्यापैकी एकाचे मत प्रथम सल्लागाराच्या बाजूचे होते. दुसरीचे नव्हते, पण तिच्यापाशी तेव्हा युक्तिवाद नव्हता. मावशी तिची होती, आणि मावशीवरची माया हा काही पाठचिकित्सेचा निकष नव्हे. गी पॉइतव्हां आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा लाखाहून मोठा संग्रह उभा केला, त्यात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीसोबत ठेवले गेले. त्यांच्या पद्धतीचा दाखला देऊन तिने एवढेच म्हटले की ओवी कोणाची ते पुसून 'स्वच्छ' काहीच उरत नाही. त्या रात्री एवढ्यावर थांबलो.

मोज़ेकचे काम मात्र थांबलेले नव्हते. सहाही पॅनेल स्वतंत्रपणे तयार झाल्यावर ती शेजारी शेजारी ठेवली, तर ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. प्रत्येक पॅनेलची कड शेजारच्यावर पाचव्या हिश्शाने चढविलेली होती, त्यामुळे तारे अचूक बसले. पण पार्श्वभूमीचा उजेड बसेना. मध्यरात्रीपूर्वी, मृग डोक्यावर असताना घेतलेली पॅनेल काळी होती. तो पश्चिमेला कलल्यावर घेतलेल्यांवर घाटापलीकडच्या कल्याण-मुंबईच्या दिव्यांचा पिवळट लेप होता. हा लेप काढण्यासाठी आज्ञावली चित्रावर जागोजागी बिंदू टाकते, तेथले आकाश 'रिकामे' आहे असे धरते, आणि त्या रिकामेपणाचा उतार सगळ्या चित्रातून वजा करते.

पण मृगात रिकामे आकाश कोठे आहे? या सगळ्या नक्षत्राभोवती बार्नार्डचे कडे म्हणून ओळखला जाणारा वायूचा एक प्रचंड फिका कंस पसरलेला आहे, आणि बाण व तेजोमेघ यांच्यामधली जागाही धुळीने भरलेली आहे. रिकामी समजून बिंदू टाकला आणि तेथे खरा, पण अतिशय फिका मेघ असला, तर मुंबईच्या दिव्यांबरोबर तोही धुतला जातो. चित्र नितळ होते. प्रदर्शनात बक्षीस मिळण्याइतके नितळ. सरांनी बिंदू हाताने टाकले, एकेक, दुसऱ्या मोठ्या सर्वेक्षणातले चित्र शेजारी उघडून. या कामाला तीन संध्याकाळी लागल्या. आमच्या पिढीने 'शुद्ध' करून छापलेली लोकगीतांची पुस्तके पाहिलेली आहेत. मात्रा जुळविलेल्या, बोलीचे खडे वेचलेले, कोण कोठली ते कोठेच नाही. ती पुस्तके आम्हाला त्या तीन संध्याकाळी फार आठवली.

रिकाम्याचा प्रश्न निघाला म्हणून अश्वमुखाविषयी लिहिले पाहिजे. बाणाच्या पूर्वेकडील ताऱ्याखाली तांबूस उजेडाच्या पडद्यावर ही काळी आकृती दिसते. प्रथमदर्शनी ते भोक वाटते, जणू पडदा तेथे फाटला आहे. प्रत्यक्षात तेथे धूळ इतकी दाट आहे की मागचा उजेड आरपार येत नाही. ती १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेतल्या एका काचेवर प्रथम टिपली विल्यमिना फ्लेमिंग यांनी. या स्कॉटलंडहून आलेल्या बाई वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी आधी मोलकरीण होत्या. पुढे ड्रायर यांनी तेजोमेघांची पुरवणी सूची सिद्ध केली तेव्हा हार्वर्डच्या अशा शोधांपुढे नाव घातले ते पिकरिंग यांचे. फ्लेमिंगबाईंना त्यांचे श्रेय मिळाले ते १९०८ च्या दुसऱ्या सूचीत. सूचीकाराने काही दुष्टाव्याने केले असे आम्हाला वाटत नाही. त्याने सूची स्वच्छ ठेवली, इतकेच.

हबल दुर्बिणीच्या दोन चित्रांची तुलनाही आम्ही वर्गात करतो. १९९५ मध्ये जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या स्तंभांचे जे जगप्रसिद्ध चित्र केले, त्याचा एक कोपरा पायऱ्यांसारखा काळा आहे. त्या कॅमेऱ्यात चार संवेदक होते आणि त्यांतला एक बाकीच्यांपेक्षा बारकाईने पाहणारा. त्याची प्रतिमा इतरांच्या मापाला आणली की ती लहान होते आणि कोपरा उघडा पडतो. त्यांनी तो उघडाच ठेवला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले मृग तेजोमेघाचे मोज़ेक निराळे: १०५ प्रदक्षिणांत घेतलेल्या ५२० प्रतिमा, एक अब्जाहून अधिक बिंदू, तीन हजारांवर तारे, आणि जेथे हबलची प्रतिमा पुरली नाही तेथे जमिनीवरच्या दुर्बिणीची छायाचित्रे जोडून कडा भरून काढल्या. तसे केल्याचे त्यांनी उघड सांगितले आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. तरी आमचे दोघांचेही मन त्या काळ्या पायऱ्यांकडे ओढ घेते. पोथीचे पान गहाळ असेल तर तेथे कोरी जागा सोडणारा संपादक आम्हाला सुगरण संपादकापेक्षा जवळचा वाटतो.

आणि आता मेसिए ७८ चा कोपरा. येथली हकिगत सरांनी चहा पिता पिता सांगितली, आणि तिने आमच्या घरातल्या वादाचा तोलच बदलला. २३ जानेवारी २००४ रोजी केंटकीतल्या जे मॅक्‌नील नावाच्या हौशी निरीक्षकाने तीन इंची दुर्बिणीतून या भागाची छायाचित्रे घेतली. नंतर ती तपासताना मेसिए ७८ जवळ त्याला एक छोटा पंख्यासारखा मेघ दिसला. तो कोणत्याच सूचीत नव्हता. आधीच्या मोठमोठ्या सर्वेक्षणांच्या चित्रांतही नव्हता. छायाचित्रातला दोष म्हणून कोणीही तो सोडून दिला असता. पण तो खरा होता. धुळीत दडलेला एक तरुण तारा एकाएकी भडकला होता आणि त्याच्या उजेडाने आजूबाजूची धूळ दिसू लागली होती. मग जुनी छायाचित्रे धुंडाळताना आढळले की १९६६ साली एव्हरेड क्रायमर नावाच्या दुसऱ्या एका हौशी माणसाने घेतलेल्या चित्रात तोच मेघ स्पष्ट उमटलेला आहे. ते चित्र पुस्तकात छापलेलेही होते. वर्षानुवर्षे ते लोकांच्या कपाटात होते, आणि कोणी विचारले नव्हते की हे येथे काय आहे. (१९६६ हे वर्ष महाभारताच्या आवृत्तीचेही, असा योगायोग आमच्यासारख्यांच्याच लक्षात राहायचा.) पुढे तो मेघ मावळला, २००८ मध्ये पुन्हा उजळला, आणि पुन्हा मावळला. आमच्या चित्रात तो नाही.

एका रात्रीच्या चाळीस फ्रेम्समध्ये असा मेघ टिकून राहिला असता, कारण तो चाळिसांतही असता. पण १९५० पासूनची चित्रे कोणी वर्षावर्षांच्या फ्रेम्स म्हणून एकावर एक ठेवली असती आणि एकाकी साक्ष बाद करण्याचा नियम लावला असता, तर १९६६ ची साक्ष विमानाच्या रेघेबरोबर गेली असती. ज्या रात्री तो मेघ नव्हता त्या रात्रींची साक्षही खोटी नव्हती; त्यांनी जे पाहिले ते सांगितले.

हे ऐकून घरी परतताना, नारायणगावच्या अलीकडे, आमच्यापैकी सल्लागाराच्या बाजूच्याने गाडी चालवता चालवता विचारले, "माम्या त्या घरात केव्हा आल्या?" थोरली मामी १९६७ मध्ये, धाकट्या दोघी त्यानंतर. तिघी एकाच ओसरीवर, एकाच जात्याला बसणाऱ्या. शेजारच्या आजीबाई दुपारी तेथेच दळायला येत. म्हणजे या चौघींच्या ओव्या एकाच पोथीच्या चार नकला. मावशी मात्र त्या घरची लेक. ती आईच्या मांडीवर डोके ठेवून ओव्या ऐकत मोठी झाली आणि १९६५ मध्ये लग्न होऊन संगमनेरकडे गेली. थोरली मामी उंबऱ्याच्या आत येण्यापूर्वी मावशी उंबऱ्याबाहेर पडली होती. आजीने ती ओवी मधल्या काळात म्हणायची सोडली असेल, तर माम्यांनी ऐकावी कोठून? त्यांनीही जे ऐकले तेच सांगितले. चार विरुद्ध एक हा हिशेबच नव्हता. एक विरुद्ध एक होता, आणि त्यातली मावशीची शाखा जुनी होती.

मावशीला आम्ही फोनवर सरळ विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या पाठची ती. दीड वर्षाची होऊन गेली. आईनं पुढं नाव काढायचं सोडलं, मग आम्हीबी सोडलं." गावच्या दप्तरात, शाळेत, घरातल्या कोणत्याही कागदावर त्या मुलीची नोंद नाही, आम्ही नंतर शोधून पाहिले. तिचे नाव शिल्लक आहे ते एका ओवीत, आणि ती ओवी एकाच कंठात.

सल्लागारांना आम्ही दोन पानी पत्र लिहिले. त्यात शाखा आखून दाखविल्या, तारखा घातल्या. मायेचा उल्लेख केला नाही. ती ओवी मुख्य संहितेत राहील, माम्यांचा नकार तिच्याखाली त्यांच्याच शब्दांत छापला जाईल, आणि इतर ज्या एकेरी ओव्या आम्ही खरोखरच बाहेरच्या मानतो त्या परिशिष्टात, कोणी म्हटल्या त्या नावासह जातील. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. नकार आला तर दुसरा प्रकाशक पाहू.

हे कळवायला मावशीला पुन्हा फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आन् तिची दुसरी?" दुसरी कोणती, असे आम्ही विचारले. "तिच्यावर दोन व्हत्या. तुम्ही तवा एकच झाल्यावर मशीन बंद केलं, मंग मी बी गप बसले." आत्ताच सांगा, उतरवून घेतो, असे म्हटले तर ती हसली. फोनवर ओवी म्हणत नसतात, म्हणाली. रविवारी सकाळच्या गाडीने संगमनेरला निघायचे ठरले आहे.